गुळात तोललेली पोर

आये, तुला जाऊन चाळीस वर्षं व्हायला आली आणि आज मी तुला कागद लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे मी नुसती बसलेच आहे, लिहितेय माझी नात, थोरल्याची. मला अक्षर येत नाही हे तुला नव्यानं सांगायला नको. तुलाही येत नव्हतं. सांगणारीला वाचता येत नाही, जिला सांगायचं तिलाही येत नाही, आणि मधे ही एकटी शिकलेली, बारावीची. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी म्हटलं, "अगं, माझ्या आयेला ही तुझी भाषा कळायची न्हाई." तर म्हणते, "आजी, गेलेल्या माणसांना सगळं कळतं, तूच सांगतेस ना?" जिभेला अशी धार आहे. जिभेला तेवढी आहे, बाकी अंगावर काही उरलेलं नाही. हेही तिनं लिहिलं. तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. ठरलंय आमचं तसं. मी बोलेन ते सगळं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, आणि त्याच्या बदल्यात आजचा दिवस मी तिला 'जेव' म्हणायचं नाही. शेंगदाण्याची ताटली मधे ठेवायची नाही असं मात्र काही ठरलं नव्हतं. म्हणून ती ठेवली आहे.

तर आये, गोष्ट एवढीच आहे की पोर जेवत नाही. आठ महिने झाले. तू म्हणशील, नसेल घरात. तसं नाही. नदीकाठची काळी जमीन, ऊस कारखान्याला जातो, दारात दोन म्हशी आहेत, कणगीत जोंधळा आहे, गहू आहे, आणि गूळ तर एवढा आहे की त्याचंच पुढं सांगायचं आहे. सगळं आहे आणि पोर जेवत नाही. चहा पिते, तोही बिनसाखरेचा. काकडी खाते. भाकरीचा पापुद्रा काढते, तो ताटात फिरवते, आणि आपलं लक्ष दुसरीकडं गेलं की उरलेली भाकरी म्हशीच्या पाटीत जाते. म्हस चांगली झाली आहे. आणि विचारलं की म्हणते, "मी मघाशीच जेवले." आये, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. ते मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलं.

आपलं माणदेशातलं घर मला अजून दिसतं. खाली वाकून आत जायचं दार, कोपऱ्यात चूल, चुलीमागं उतरंड. सगळ्यात वरच्या मडक्यावर लाकडी झाकण. आमचे वडील, दादा, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले असतात. आम्ही तिघं भावंडं परातीभोवती बसतो आणि तू भाकरी मोडून देतेस. कधी तीन भाकरी असायच्या, कधी दोन. तुझी अर्धी तू हातात घेऊन बसायचीस, आणि आमचं संपत आलं की तीच पुढं सरकवायचीस. "घ्या रं, मी मघाच जेवले." एकदा मामा आला होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्याच सकाळी मी उतरंडीवर चढून वरचं झाकण काढून बघितलं होतं, आत मुठभरही पीठ नव्हतं. मामा म्हणाला, "आक्का, तूबी बस की." तू म्हणालीस, "मी मघाच जेवले." आणि मी मधेच बोलले, "न्हाई मामा, आये जेवली न्हाई. मडकं रिकामं हाय." मामा गेल्यावर तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की आठ दिवस निळं होतं. म्हणालीस, "घरातलं पोट गावाला दाखवत न्हाईत. पुन्यांदा बोललीस तर बघ." त्यानंतर मी पुन्हा कधी बोलले नाही. सगळ्यांना मी हेच सांगत आले, आईच्या चिमट्याच्या भीतीनं गप्प बसायला शिकले म्हणून.

आणि माझ्या लग्नातलं आठवतं का तुला? वऱ्हाडाच्या गाडीत चढताना तू माझा पदर ओढलास. मला वाटलं, रडणार आता. तू नाही रडलीस. पदराच्या टोकाला लिंबाएवढा गुळाचा खडा बांधलास आणि कानात म्हणालीस, "सासरी पयल्या दिवशी कुणी इचारत न्हाई. भूक लागली की पदर तोंडाला लाव. लोकं म्हंतील, नवी नवरी लाजती." आये, मी उंब्रजच्या पुढं येईपर्यंत लाजत लाजत तो खडा संपवला. आणि सासरी येऊन बघते तर काय, इथं गुऱ्हाळ! काहिलीत रस उकळतोय, काकवीच्या वासानं डोकं गरगरतंय, आणि सासूबाई म्हणतात, "खा की पोरी, बघतीस काय?" मी खाल्लं. वर्षभर मी दुसरं काही केलंच नाही. पुढच्या नागपंचमीला माहेरी आले तर कासाराला माझ्या हातात बांगडी चढवता येईना. तो तेल लावतो, पाणी लावतो, घाम पुसतो, म्हणतो, "ताई, जरा मोठ्या मापाच्या घ्या." आणि तू शेजारी बसून डोळ्याला पदर लावतेस. कासार घाबरला, त्याला वाटलं बांगडी हातात फुटली. तू म्हणालीस, "बांगडी न्हाई वं, माझ्या पोरीचं दंड भरलं." माझ्या अंगाचं कुणाला एवढं कौतुक वाटलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही. आता हिच्या हातातली बांगडी बघ. लिहिताना हात वर केला की कोपरापर्यंत जाते आणि खाली केला की पंजावर येऊन पडते. आवाज येतो तिचा. मला वाचता येत नाही, पण त्या आवाजावरून कळतं मला, ओळ संपली की नाही ते.

हे आलं कुठून, असं तू विचारशील. मीही विचारते. दोन वर्षांमागं थोरला सुट्टीवर आला तो मिलिटरीच्या कॅन्टीनमधला रंगीत टीव्ही घेऊन. त्यानंतर गावात केबल आली. पानपट्टीवाल्यानं काळी वायर सगळ्यांच्या कौलांवरून ओढली, अगदी देवळाच्या शिखराला वळसा घालून, आणि घराघरात जग आलं. तुला सांगून पटायचं नाही. उंच उंच पोरी एका फळीवरून चालत येतात, टोकाला येऊन कमरेवर हात ठेवतात, आणि तशाच परत जातात. ना हातात घागर, ना डोक्यावर पाटी. मी म्हटलं, "ही निघाली कुठं आन् परतली का? काय इसरली का घरात?" हिची आई, म्हणजे माझी सून, पोट धरून हसली. मला तेवढंच पाहिजे असतं. मी आणखी पुढं गेले, "आन् हिला घरात कुणी वाढत न्हाई का? गळ्याच्या खळग्यात बघ, पावशेर त्याल मावंल." सून हसतेय, शेजारीण हसतेय. ही मात्र हसली नाही. हातातला अर्धा लाडू तिनं हळूच वाटीत परत ठेवला. मी बघितलं आये. बघितलं आणि मला वाटलं, लाडू कडक झालाय.

मग मे महिन्यात ती सांगलीला आत्याकडं गेली, म्हणजे माझ्या लेकीकडं. लेकीला दोन मुली आहेत, हिच्याच बरोबरीच्या. त्यांच्या बोळात म्हणे सगळ्या पोरी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारतात. वर्षातून दोनदा आपल्या देशाच्या पोरी परमुलखात जाऊन मुकुट घालून येतात, आणि ह्या इथं सांगलीत उड्या मारतात. आत्याकडं मासिकं यायची. त्यात चकचकीत फोटो, आणि फोटोशेजारी एक तक्ता, कोणत्या उंचीला किती वजन असावं त्याचा. आपल्याकडं बैलाच्या बाजारात असा तक्ता असता तर बरं झालं असतं, फसवणूक कमी झाली असती. त्याच महिन्यात लेकीच्या थोरलीला साताऱ्याचं स्थळ आलं होतं. पोरगी गोरी, शिकलेली, हातात काम. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी छान आहे पण जरा हेल्दी आहे. मी विचारलं, म्हणजे काय? जावई म्हणाले, "म्हणजे तब्येतीनं चांगली." मी म्हटलं, "मग घोडं कुठं अडलं?" चांगल्या तब्येतीची म्हणून पोरगी नाकारलेली मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकली. त्या पोरीनं तेव्हा रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भेळ खाल्ली. माझीनं रडून नाही घेतलं. ती तो तक्ता फाडून दप्तरात घालून घेऊन आली.

इथंवर लिहून ती थांबली. म्हणाली, "तक्त्याचं तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "गेलेल्या माणसांना सगळं कळतं, तसं जायला टेकलेल्यांनाबी थोडं कळतं. लिही."

आता आये, माझा भाग. ही पोर जन्मली तेव्हा हातभर कापडात मावत होती. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, बघू, दोन दिवस जाऊ द्या. मी बाहेरच्या पायरीवर बसले आणि आमच्या गावच्या देवीला बोलले, "हिला ठेव. जाणती झाली की तुझ्या दारात गुळात तोलीन." तुला माहीत आहे आपल्याकडची रीत. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्या पारड्यात गूळ, काटा बरोबर आला की तो सगळा गूळ देवीच्या नावानं गावाला वाटायचा. मला दुसरं काही सुचलंच नाही. तू पदराला बांधलेला तो खडाच आठवला असेल. पोर जगली. तिला कुणाची नजर लागू नये म्हणून मी तिला 'ढेप' म्हणायला लागले. गुळाची ढेप. एवढीशी काडी, आणि मी अंगणातून ओरडायचे, "ए ढेपे, इकडं ये!" गाव हसायचं, तीही हसायची. पाचवी-सहावीपर्यंत 'ओ' द्यायची. नंतर द्यायची बंद झाली. मी मात्र हाक मारायची बंद केली नाही. माणसं हसायची ना, आये. मला वाईट खोड आहे ती, तुझ्यापासूनची नाही, माझी मीच लावून घेतलेली.

नवस लांबत गेला. बाराव्या वर्षी फेडायचा तर त्या साली सगळा ऊस कारखान्याला गेला, मग हिचा बाप सीमेवर, मग हिची दहावी. गेल्या साली मात्र माझ्या जावेनं तिच्या नातवाला तोललं. तिचं काही नाही, बोलते फार. पाणवठ्यावर म्हणाली, "आमच्यानं तर काटा जिमिनीला टेकवला. तुमच्या पोरीचं काय वं, ती कागदावानी, दोन ढेपंत उरकंल." मी म्हटलं, "बघू की." तेव्हाच माझ्या डोक्यात किडा शिरला. भाच्याच्या गुऱ्हाळावर मुद्दाम गूळ करून घेतला, पिवळा, कापडासारखा मऊ. कऱ्हाडच्या अडत्याचा मोठा काटा आणला. आणि ही माझ्या मागं मागं फिरतेय, "आजी, नको ना. माणसांसमोर नको. तेवढा गूळ नुसता देऊन टाक देवीला." मी म्हटलं, "अगं, माणसांसमोर कुठं? देवीसमोर." म्हणाली, "देवीसमोर माईक कशाला लागतो मग?" बरोबर होतं तिचं. पण मी म्हटलं, बोललेलं फिरवायचं नसतं. पुढचे दोन दिवस पोटात गडबड आहे म्हणून तिनं काही खाल्लं नाही. मला वाटलं, असेल गडबड.

तो दिवस अजून चालूच आहे माझ्या डोळ्यांपुढं. जत्रेची सकाळ, देवळापुढं तीन वासे बांधून काटा टांगलाय. पारड्यात मी माझ्या हातानं वाकळ घातली आहे, घडी करून. ही नव्या पंजाबी ड्रेसमधे येते, मान खाली. पारड्यात बसते. हळूच म्हणते, "आजी, खाली काहीतरी टोचतंय." मी म्हणते, "गप बस, देवीच्या दारात टोचतंयच." पलीकडं ढेपा पडायला लागतात. एक, दोन, तीन. माईकवाला आमच्याच भावकीतला, त्याला तर आयतं मिळालं, "घाला आणिक! काटा हलंना! रानातली वाघीण हाय, घाला!" लोकं हसतात. तिच्या कॉलेजच्या चार पोरी पिंपळाच्या पारावर बसल्या आहेत, त्या हसतात. पोरांची एक रांग आहे, ती शिट्टी मारते. आणि मी, आये, मी पदर खोचून मधे उभी राहते आणि ओरडते, "घाला, घाला! माझी ढेप तुमच्या समद्या ढेपंला भारी हाय!" केवढा हशा झाला. जाऊबाईचं तोंड बघण्यासारखं होतं. मी ते बघत होते. पोरीचं तोंड बघितलंच नाही. शेवटी तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले, काटा बरोबर आला, आणि माईकवाल्यानं आकडा सांगितला, एकदा नाही, तीनदा. तो आकडा इथं लिहायला ही तयार नाही. सगळं लिहायचं ठरलं होतं तरी नाही. मी म्हटलं, राहू दे.

सगळ्या गावानं तो गूळ खाल्ला. तिनं तोंडात घातला नाही. त्या दिवसापासून गूळ सुटला, मग साखर, मग भात, मग भाकरी, एकेक ढेप उतरवावी तसं. सुरुवातीला सगळे म्हणाले, काय छान दिसायला लागलीस! मास्तरीण म्हणाली, शेजारीण म्हणाली, सांगलीहून आत्या आली तीही म्हणाली, "आमच्या पोरींना शिकव गं." मग गालाची हाडं वर आली, केस फणीत यायला लागले, आणि म्हणणारे गप्प झाले. एके दिवशी तिच्या ट्रंकेत मला रबर लावलेला जाड तिकिटांचा गठ्ठा सापडला. एका बाजूला सिनेमातल्या बायांचे फोटो. मी कौतुकानं सुनेला दाखवला, "बघ, ल्हान पोरांचा छंद अजून सुटला न्हाई." सुनेनं उलटून वाचलं आणि रबर काढून एकेक तिकीट बघायला लागली. कऱ्हाडच्या स्टँडवर लाल-निळ्या दिव्यांचं वजनाचं यंत्र आहे, नाणं टाकलं की त्यातून हे तिकीट येतं. कॉलेजला जाताना एक, येताना एक. प्रत्येक तिकिटावर आधीच्यापेक्षा कमी. भविष्य मात्र सगळ्यांवर छापलेलं होतं म्हणे, आणि चांगलंच होतं. तुमच्या कष्टाचं चीज होईल.

आम्ही काय नाही केलं? डॉक्टरकडं नेलं. त्यानं डोळ्याची पापणी खाली ओढली, टॉनिकची बाटली दिली आणि म्हणाला, "खाऊ घाला." एवढ्यासाठी एसटीनं जायला नको होतं. बापाचं पत्र आलं, तिला सकाळ-संध्याकाळ पीटी करायला लावा, म्हणजे कडाडून भूक लागेल. त्याला दोष देत नाही, त्याला तेवढंच औषध ठाऊक. मी मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, आम्ही सगळे खोकलो, ती पण खोकली, आणि मग सगळ्यांनी जेवायचं म्हटलं तर म्हणाली, मी मघाशीच जेवले. सुनेनं एकदा मारलं. मारून झाल्यावर तीच जेवली नाही. मागच्या महिन्यात पोर उंब्रजच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली. कंडक्टरनं ओळखलं म्हणून घरी पोचली. म्हणाला, "म्हातारे, उचलली तर हातात काय आलंच न्हाई बघ. पोत्यातला भुसा बी जड असतो." आये, मी पंधरा माणसांचं घर रांधलं, बाळंतिणी उठवल्या, तापातली माणसं पेज पाजून जगवली. भुकेल्या माणसाला काय द्यायचं ते मला येतं. भूक असून नको म्हणणाऱ्याला काय द्यायचं, ते तू शिकवलं नाहीस आणि मला सुचत नाही. मी ताट घेऊन उभी राहते आणि माझी मलाच पाहुणी वाटते.

म्हणून आज हा कागद. खरं म्हणजे तुझ्यासाठी नाही, आये, रागावू नको. मला हिला एक सांगायचं होतं आणि तोंड वर करून सांगायची हिंमत होत नव्हती. आठ महिने होत नव्हती. मला लिहिता आलं असतं तर मी लिहून तिच्या उशाशी ठेवलं असतं. आता हिच्याच हातून लिहून घ्यायचं म्हणजे हिलाच सांगायचं, तरी मी तुझ्याशी बोलतेय असं धरून मान दुसरीकडं वळवली आहे. ऐक. जत्रेच्या सकाळी पारड्यात वाकळ घातली ना, तिच्या घडीत मी वरवंटा ठेवला होता. पाट्यावरचा वरवंटा, दगडी. जावेच्या नातवापेक्षा माझी नात जड भरावी म्हणून. हिला टोचत होता तो. देवीला चार मुठी गूळ जास्त गेला तर देवी काय रागावणार नाही, असा माझा हिशेब. माईकवर तीनदा पुकारला तो आकडा हिचा नव्हता. हिचा आणि दगडाचा मिळून होता. पोर आठ महिने जे अंगावरून उतरवायला बघतेय, त्यात एक दगड माझा आहे.

लिहिणं थांबलं. बांगडीचा आवाज थांबला. मी मान वळवली नाही. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर हसेल, निदान ओरडेल तरी, "आजी, तू असं कसं केलंस?" मी त्याला तयार होते. तिनं एवढंच विचारलं, "वरवंटा किती किलोचा आहे?"

मी म्हटलं, "ठाव न्हाई, बाय. वरवंटा कुणी तोलतं व्हय?"

ती उठली, सैपाकघरात गेली. दारातून मला दिसत होतं. पाट्यावरचा वरवंटा तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि अंदाज घेत उभी राहिली. पेलवेना तसा छातीशी धरला, तान्हं धरतात तसा. मग जागेवर ठेवला, हात धुतले, येऊन बसली. म्हणाली, "पुढं सांग." मी विचारलं, "मघाचं लिहिलंस का?" म्हणाली, "लिहिलं." "समदं?" "समदं." मी कागदाकडं बघितलं. नुसत्या मुंग्या. लिहिलं असेल, नसेलही. उद्या ती दप्तरात वरवंटा घालून त्या यंत्रावर जाईल का, तेही मला कळायचं नाही. मला वाटलं होतं, दगड काढून घेतला की पोर हलकी होईल. आता तिच्याकडं वजा करायला आणखी एक आकडा आला.

ताटलीतले शेंगदाणे तेवढेच आहेत. मी मोजलेले नाहीत, पण तेवढेच आहेत. ती विचारतेय, "पाकिटावर पत्ता काय घालू?" मी म्हटलं, पाकीट नको. ट्रंकेत त्या तिकिटांखाली ठेव. तिच्या कानाची पाळी लाल झाली, पण ठेवते म्हणाली.

आणखी एक राहिलं, आये, तेवढं लिहून घेते. मामा गेल्यावर तू चिमटा काढलास म्हणून मी पुन्हा बोलले नाही, असं वर सांगितलं ना, ते खरं नाही. त्यानंतरही मी रोज सकाळी उतरंडीचं झाकण काढून बघायचे. तू 'मी मघाच जेवले' म्हणायचीस तेव्हा मला ठाऊक असायचं. तरी तुझी अर्धी भाकरी तू पुढं सरकवलीस की सगळ्यात आधी माझा हात जायचा. 'तू खा' असं मी एकदाही म्हणाले नाही. लय गोड लागायची.